सीएसआर करायचाय? मग आधी पगारपत्रक उघडा

कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारी, म्हटलं की डोळ्यापुढे काय येतं, तर झाडं लावणारे मॅनेजर, शाळेला दिलेले कॉम्प्युटर, एक मोठा बॅनर आणि त्याच्यामागे एकसारखे टी-शर्ट घालून उभा केलेला स्टाफ. यात वाईट काही नाही, झाडं लागलीच पाहिजेत. पण त्याच कंपनीत हाऊसकीपिंगवाल्यांचा पगार ठेकेदाराकडे अडकलेला असेल आणि नाइट शिफ्टचा ओव्हरटाइम "पुढच्या महिन्यात बघू" करत ढकलला जात असेल तर तो बॅनर निव्वळ खर्च आहे, जबाबदारी वगैरे काही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनीची सामाजिक जबाबदारी तिच्या स्वतःच्या मस्टरपासून सुरू होते, बाकी सगळं त्यानंतर. हा लेख मालक लोकांसाठी आहे, एचआरवाल्यांसाठी आहे, आणि ज्यांना एक दिवस अचानक "आजपासून सीएसआर तू बघ" असं सांगितलं जातं त्या बिचाऱ्यांसाठी तर नक्कीच आहे. सगळं एका महिन्यात होणार नाही, होऊ पण नये, फक्त क्रम मोडू नका.

थोडी थिअरी, लगेच संपवतो

आर्ची कॅरोल या अमेरिकन प्राध्यापकाने १९९१ मध्ये सीएसआरचा एक पिरॅमिड मांडला, तो अजून सगळीकडे शिकवतात. तळाला आर्थिक जबाबदारी म्हणजे धंदा नीट चालवणं, त्यावर कायदा पाळणं, त्यावर नैतिक वागणं, आणि देणगी-मदत हे सगळ्यात वर. बऱ्याच कंपन्या डायरेक्ट वरच्या मजल्यावर सुरुवात करतात, आधी कळस मग पाया.

दुसरी गोष्ट आयएसओ २६०००, म्हणजे सामाजिक जबाबदारी कशी पाळावी याचं आंतरराष्ट्रीय मानक. हे २०१० मध्ये आलं, त्यात सात मुख्य विषय आहेत आणि कामगारांशी वागणूक हा त्यातला एक स्वतंत्र विषय आहे, समाजकार्य हा वेगळा. आणि हे फक्त मार्गदर्शन आहे, याचं सर्टिफिकेट नसतंच, त्यामुळे "आम्ही आयएसओ २६००० सर्टिफाइड" असं कोणी छापलेलं दिसलं तर तिथेच थांबून पुढचे प्रश्न विचारा.

कायद्याचं प्रत्येक देशात वेगळं आहे. भारतात कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक आकाराच्या पुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात, आणि फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च त्यात धरता येत नाही. म्हणून काही लोकांचा असा समज होतो की कर्मचारी हा सीएसआरचा विषयच नाही. उलट आहे. कर्मचाऱ्यांचं देणं हे देणं आहे, ते सीएसआरच्या डब्यातून भागवायचं नसतं एवढाच त्याचा अर्थ.

पायरी १: माणसं मोजा, खरी खरी

एचआरच्या सिस्टिममधली यादी घेऊन बसू नका, ती अर्धीच असते. गेटवर उभे राहा आणि रोज आत कोण कोण येतं ते बघा. सिक्युरिटी, कॅन्टीन, ड्रायव्हर, लोडिंगवाले, वर्षानुवर्षे "ट्रेनी" असलेली मुलं, घरून काम करणारे, बिल लावून पैसे घेणारे फ्रीलान्सर, सगळे. एका शीटमध्ये नाव, काम, कधीपासून, पगार कोण देतं, काम कोण सांगतं असे कॉलम करा.

शेवटचे दोन कॉलम महत्त्वाचे. पगार ठेकेदार देतो पण काम रोज तुमचा सुपरवायझर सांगतो, वेळ तुम्ही ठरवता, मशीन तुमचं, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो तो तुमचा माणूस आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना म्हणजे आयएलओ, त्यांची २००६ ची १९८ क्रमांकाची शिफारस हेच सांगते की नातं कामगार-मालकाचं आहे का हे प्रत्यक्ष परिस्थितीवरून ठरवा, करारात काय नाव दिलंय त्यावरून नाही.

ही शीट झाली की पुढच्या प्रत्येक पायरीत तीच वापरायची. पगाराचं चेकिंग फक्त परमनंट लोकांचं आणि सेफ्टी ट्रेनिंग पण फक्त त्यांचंच, असं चालणार नाही.

पायरी २: पगार

इथे जास्त वेळ घालवा, कारण बाकी सगळं गोड बोलणं पगार उशिरा झाला की एका क्षणात उडून जातं.

सगळ्यात आधी मागच्या बारा महिन्यांच्या पगाराच्या तारखा काढा. ऑफिस स्टाफचा पगार एका तारखेला आणि कंत्राटी लोकांचा पंधरा दिवस उशिरा, असं निघालं तर ते आधी दुरुस्त करा, त्याला कुठलीही पॉलिसी लिहायची गरज नाही. मग पगारस्लिप बघा. प्रत्येकाला मिळते का, आणि मिळाली तर वाचून कळते का? स्लिपवर "इतर कपात" असा एक कॉलम असतो, त्यात काय काय जातं ते एकदा उकरून काढाच. युनिफॉर्मचे पैसे, तुटलेल्या मालाचे पैसे, दहा मिनिटं उशिरासाठी अर्धा दिवस कट, आयकार्ड हरवलं म्हणून दंड. पगारातून काय कापता येतं आणि किती, याला बहुतेक देशांत कायद्याने मर्यादा आहेत, आणि सुपरवायझर तोंडी कपात करत असेल तर ती मर्यादेत आहे का हे बघण्याआधी ती बंदच करा.

मग समान कामाला समान पगार. आयएलओचा करार क्रमांक १०० हा १९५१ चा आहे, आणि त्यात शब्द "समान मूल्याचं काम" असे आहेत. म्हणजे दोघांच्या पदाचं नाव एकच असलं पाहिजे असं नाही, पॅकिंग लाइनवरची बाई आणि स्टोअरमधला माणूस, दोघांचं कौशल्य, मेहनत, जबाबदारी, कामाची परिस्थिती तोलून बघा आणि मग पगार बघा. बऱ्याचदा बायका जास्त असलेलं काम "हलकं काम" म्हणून खालच्या ग्रेडला टाकलेलं असतं आणि कोणी विचारत पण नाही.

हे एक्सेलमध्ये एका दुपारी करता येतं. कॉलम असे घ्या: काम, ग्रेड, जॉइनिंगची तारीख, स्त्री-पुरुष, मूळ पगार, भत्ते, बोनस. प्रत्येक ग्रेडमध्ये पुरुषांचा मध्यक आणि स्त्रियांचा मध्यक काढा. सरासरी नको, एखाद्या मोठ्या पगारवाल्यामुळे सरासरी फुगते. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो. समजा पुरुषांचा १०० आणि स्त्रियांचा ८८, तर फरक १२ टक्के. आता शेवटी एक कॉलम जोडा, त्याचं नाव "कारण". ज्याचा पगार ग्रेडच्या मध्यकापासून लांब आहे त्याच्यासमोर कारण लिहायचं. सिनिऑरिटी, स्पेशल स्किल, शिफ्ट भत्ता ही कारणं चालतात. "त्याने मागितला, हिने मागितला नाही" हे कारण लिहायला लागलं की मॅनेजरच गप्प होतो. जिथे कॉलम रिकामा राहतो तिथे पगार वाढवायचा, वरच्याचा कमी करायचा नाही. बेसिक सारखा असून फरक बोनसमध्ये लपलेला असतो, म्हणून तो कॉलम विसरू नका.

किमान वेतन देतोय म्हणजे झालं, असं काही मालक छाती ठोकून सांगतात. किमान वेतन ही कायद्याची रेघ आहे, तिच्या खाली गेलात तर गुन्हा. त्या पगारात नेहमीच्या तासांमध्ये, ओव्हरटाइम न करता, माणसाचं आणि त्याच्या कुटुंबाचं साधं नीट भागतं का, तो प्रश्न वेगळा, त्याला जीवनवेतन म्हणतात, आणि त्याची व्याख्या काय धरायची यावर आयएलओमध्ये सरकारं, मालक आणि कामगार या तिघांचं एकमत २०२४ मध्ये झालं. एकदम तिथपर्यंत जाता येत नसेल तर खालच्या ग्रेडची वाढ टक्क्यात न देता ठोक रकमेत द्या. दहा टक्के सगळ्यांना म्हणजे वरच्याला भरघोस आणि खालच्याला चिल्लर.

पायरी ३: कामाचे तास

आयएलओचा अगदी पहिलाच करार, १९१९ चा, दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास यावरच होता. शंभर वर्षं उलटली तरी तेच भांडण चालू आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओने २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास जाहीर केला, त्यात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त आणि हृदयरोगाने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त दिसला. त्यामुळे "आमची टीम फार डेडिकेटेड आहे, रात्री दहापर्यंत बसते" हे अभिमानाने सांगायचं कारण नाही.

चेक कसं करायचं? हजेरी एकटी बघून काही कळत नाही, ती दुसऱ्या कागदाशी जुळवायची. मस्टरमध्ये सुट्टी दाखवलेल्या तारखेला मालाची आवक पावती फाडलेली आहे का, त्या दिवशी मशीनवर प्रॉडक्शन नोंदलंय का, गेट रजिस्टरला गाडी आत आल्याची वेळ काय आहे. आणि बाहेर पडण्याची वेळ महिनाभर सगळ्यांची अगदी सहाच्या ठोक्याला असेल तर ती हजेरी माणसांनी लावलेली नाही, कोणीतरी ऑफिसात बसून भरलेली आहे. माणसं अशी एका सेकंदाला बाहेर पडत नाहीत हो.

ऑफिसवाल्यांचं मोजायचं असेल तर रात्री आणि सुट्टीच्या दिवशी मॅनेजरने ग्रुपवर टाकलेले मेसेज मोजा. फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर डिस्कनेक्ट राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. कायदा नसला तरी एक नियम आजच करता येतो, की रात्रीच्या मेसेजला सकाळी उत्तर दिलं तर कोणी जाब विचारणार नाही, आणि तो नियम सगळ्यात आधी डायरेक्टरने पाळायचा.

पायरी ४: सेफ्टी, आणि इथे सर्टिफिकेटवर विसंबू नका

कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ ला आग लागली, २५० हून जास्त माणसं गेली. बाहेर पडायचे दरवाजे कुलूपबंद आणि खिडक्यांना जाळ्या. आणि त्याच कारखान्याला जेमतेम काही आठवडे आधी एसए ८००० हे कामगारांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दलचं नामांकित सर्टिफिकेट मिळालेलं होतं.

पुढच्याच वर्षी राणा प्लाझा. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे ही आठ मजली इमारत होती, २३ एप्रिल २०१३ ला तिच्या भिंतींना मोठाले तडे गेले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या लोकांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, आणि २४ एप्रिलला इमारत कोसळली, १,१३४ लोक मेले. धोका कोणाला कळलाच नव्हता असं नाही, दिसत होता. "मी आत जाणार नाही" म्हणायची ताकद कामगारांकडे नव्हती.

म्हणून सेफ्टीच्या पॉलिसीत पहिलं वाक्य हेच लिहा, की जिवाला धोका वाटला तर काम थांबवून बाजूला व्हायचा हक्क प्रत्येकाला आहे आणि त्यासाठी पगार कापला जाणार नाही की मेमो मिळणार नाही. हे मी डोक्यातून काढलेलं नाही, आयएलओच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात आहे, आणि २०२२ मध्ये सुरक्षित कामाची जागा हा कामाच्या मूलभूत हक्कांमध्ये धरला गेला.

त्यानंतर धोका कमी करायचा क्रम. आधी धोका मुळातच काढता येतो का बघा, नाही तर कमी धोक्याचं केमिकल किंवा मशीन, मग गार्ड, एक्झॉस्ट वगैरे, मग कामाची पद्धत आणि ट्रेनिंग, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-ग्लोव्ह्ज-मास्क. कंपन्या नेमकं शेवटच्यापासून सुरू करतात कारण ते स्वस्त पडतं, आणि अपघात झाला की "त्याने ग्लोव्ह्ज घातले नव्हते" म्हणून मोकळ्या होतात. आणि थोडक्यात वाचलेल्या घटना लिहून ठेवायची वही ठेवा. ती वही सहा महिने कोरी असेल तर तुमच्याकडे सगळं सुरक्षित आहे असं नाही, लोक सांगायला घाबरतात.

इमर्जन्सीचे दरवाजे स्वतः जाऊन ढकलून बघा, शिफ्ट चालू असताना, न सांगता. चोरी होते म्हणून कुलूप लावलंय हे उत्तर कुठेच ऐकून घ्यायचं नाही.

पायरी ५: तक्रार ऐकायची सोय

कोपऱ्यात एक तक्रारपेटी, तिची किल्ली एचआरकडे, आणि पेटीच्या बरोबर वर कॅमेरा. असली पेटी काढून टाका, ती कोणी वापरत नाही.

युनोची उद्योग आणि मानवी हक्कांबद्दलची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात तक्रार यंत्रणा कशी असावी त्याच्या कसोट्या दिल्यात: लोकांचा विश्वास हवा, पोचायला सोपी हवी, पुढे काय होणार ते आधीच माहीत हवं, वगैरे. प्रत्यक्षात याचा अर्थ काय, तर तक्रार द्यायचे किमान तीन रस्ते ठेवा, त्यातला एक तरी थेट साहेबाच्या साखळीबाहेरचा. तोंडी तक्रार पण चालली पाहिजे, लिहिता न येणाऱ्याने काय करायचं? तक्रार आली की दोन दिवसांत पोच द्यायची, त्यावर नंबर, कोण बघणार त्याचं नाव, आणि निकाल कुठल्या तारखेपर्यंत. निकाल मान्य नसेल तर वर कोणाकडे जायचं तेही त्याच कागदावर.

खरी परीक्षा मात्र निकालानंतर असते. बदला कोणी उघड घेत नाही, हळूहळू घेतात. तक्रार करणाऱ्याची शिफ्ट बदलते, रजा नामंजूर होते, पुढच्या अप्रेझलला "टीममध्ये मिसळत नाही" असा शेरा येतो. म्हणून तक्रारीनंतर सहा महिने त्या व्यक्तीची शिफ्ट, रजा, ओव्हरटाइम आणि अप्रेझल एचआरने वेगळं तपासायचं आणि काही बदल असेल तर मॅनेजरकडून लेखी कारण घ्यायचं. एवढी एक गोष्ट केलीत तरी लोक बोलायला लागतात.

छळवणुकीच्या तक्रारी वेगळ्या हाताळायच्या, वेगळ्या आणि ट्रेन केलेल्या लोकांकडून. आयएलओचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार इंटर्न, नोकरीसाठी अर्ज करणारे, कामावरून काढलेले अशा सगळ्यांना धरतो, आणि कामाचा प्रवास, ऑफिसची पार्टी, फोनवरचे मेसेज हेही त्यात येतं, त्यामुळे "हे ऑफिसबाहेर झालंय" म्हणून हात झटकता येत नाहीत.

युनियनबद्दल दोनच वाक्यं. संघटना करायचा हक्क (करार ८७, १९४८) आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क (करार ९८, १९४९) हे मूलभूत हक्क आहेत, मालकाची मेहेरबानी नाही. आणि मॅनेजमेंटने स्वतः निवडलेली "कर्मचारी समिती" म्हणजे युनियन नव्हे.

पायरी ६: घेताना आणि काढताना

भरतीत मुलाखतीचे प्रश्न आणि मार्क आधी ठरवून लिहून ठेवा, सगळ्यांना तेच विचारा. लग्न कधी, मूल कधी, हे प्रश्न बंद. नोकरी लावायचे पैसे उमेदवाराकडून कोणी घेतले का ते जॉइन झाल्यावर दोन महिन्यांनी विचारा, पहिल्या दिवशी कोणी खरं सांगत नाही. एजंटची फी कंपनीने भरायची. आणि ओरिजिनल सर्टिफिकेट किंवा पासपोर्ट ठेवून घेणं ताबडतोब थांबवा, ओळखीची कागदपत्रं अडकवून ठेवणं हे आयएलओच्या यादीत सक्तीच्या मजुरीचं एक लक्षण म्हणून दिलेलं आहे. कंपनीला यात फक्त "शिस्त" दिसते हे फारच वाईट.

काढताना कंपनीचा खरा स्वभाव दिसतो. आयएलओचा करार १५८, १९८२ चा, दोन साध्या गोष्टी मागतो: काढायला योग्य कारण हवं, आणि वागणुकीमुळे किंवा कामामुळे काढायचं असेल तर आधी त्या माणसाला आपली बाजू मांडायची संधी हवी. मंदी आली म्हणून कपात करायची वेळ आली तर निकष आधी जाहीर करा, नावं नंतर. भरती बंद करणं, वरच्यांचे बोनस थांबवणं, तास कमी करणं हे आधी करून झालंय का ते लोक बघतात. आणि "स्वतःहून राजीनामा दे, रिलिव्हिंग लेटर चांगलं देतो" हा प्रकार म्हणजे काढणंच आहे, फक्त नुकसानभरपाई चुकवून. फुल अँड फायनलची, म्हणजे शेवटचा सगळा हिशोब चुकता करायची, तारीख पत्रातच लिहा.

पायरी ७: सप्लायर

मोठ्या कंपन्यांना आता पुरवठादारांकडचं पण बघावं लागतं, फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा केला, जर्मनीचा २०२३ पासून लागू झाला. मग त्या कंपन्या काय करतात, तर सप्लायरला वीस पानी आचारसंहिता पाठवतात आणि सही मागतात. आणि त्याच सप्लायरचं बिल चार महिने देत नाहीत, डिझाइन शेवटच्या आठवड्यात बदलतात, डिलिव्हरीची तारीख मात्र तीच. आता सांगा, त्याच्या कामगारांचा पगार वेळेवर कुठून होणार आणि रात्रपाळी कशी टळणार?

त्यामुळे सप्लायरचं ऑडिट करायच्या आधी स्वतःच्या परचेस डिपार्टमेंटचं करा. बिलं सरासरी किती दिवसांत दिली, ऑर्डर दिल्यावर किती वेळा बदलली, ठेकेदाराला दिलेल्या दरात किमान वेतन, ओव्हरटाइम आणि त्याचं कमिशन हे तिन्ही बसतं का. कागदावर बेरीज करून बघा. बसत नसेल तर चोरी तुमच्याच दरात लिहिलेली आहे, ठेकेदार फक्त ती अमलात आणतोय. प्रत्यक्ष भेटीला गेलात तर कामगारांशी कारखान्याबाहेर बोला, मॅनेजर शेजारी उभा असताना सगळेच खूश असतात.

आणि मग बाहेरचा सीएसआर

आता करा की झाडं, शाळा, दवाखाने. फक्त आपल्या धंद्यामुळे ज्यांना त्रास होतो त्यांच्यापासून सुरुवात करा, कारखान्याचं पाणी ज्या गावाकडे जातं ते गाव आधी, शंभर मैलांवरचं फोटोजेनिक गाव नंतर. काय हवंय ते तिथल्या लोकांना विचारा, आणि तीन वर्षं पैसे देता येणार असतील तरच काम हातात घ्या, एका वर्षात बंद पडलेला दवाखाना लोकांच्या मनाला जास्त लागतो.

स्टाफला यात घ्यायचं तर कामाच्या वेळेत घ्या. सुट्टीच्या दिवशी "ऐच्छिक" श्रमदान, आणि गैरहजर राहणाऱ्यांची यादी साहेबाकडे, हा फुकटचा ओव्हरटाइम आहे. पगारातून देणगी कापायची असेल तर ज्याला द्यायची आहे त्याने सही करून सांगायचं. ज्याला द्यायची नाही त्याने अर्ज करायचा, ही उलटी पद्धत नको.

रिपोर्ट लिहिताना खर्चाचा आकडा आणि फोटो सगळेच टाकतात. तुम्ही त्याच पानावर अजून चार आकडे टाका: वर्षभरातले अपघात कंत्राटी लोकांसकट, स्त्री-पुरुष पगारातला फरक, वर्षात सोडून गेलेल्यांचं प्रमाण, आणि आलेल्या तक्रारी व त्यातल्या किती वेळेत निकाली निघाल्या. पहिल्या वर्षी हे आकडे खराबच दिसतील, तरी छापा, आणि पुढच्या वर्षी त्याच पद्धतीने मोजून शेजारच्या कॉलममध्ये टाका. मोजायची पद्धत मध्येच बदलली असेल तर तसं खाली लिहा, नाहीतर आकडा सुधारला की फक्त मोजणी बदलली हे वाचणाऱ्याला कळणार नाही.